ओझे आणि वाटा

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत आपल्या समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या अडत, भुसार, कापड, किराणा आणि सराफी यांच्या आधारावर उभी राहिली. हळदीच्या हंगामात गादीवर बसायला घरचा माणूस अपुरा पडतो. तरीही गेल्या काही वर्षांत याच घरांतील मुलेमुली अभियांत्रिकीकडे वळली. कोणी नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकले, कोणी छत्रपती संभाजीनगर, पुणे वा सांगली गाठली, आणि पुढे मोठ्या अभियांत्रिकी कंपन्यांत रुजू झाले. आता तर अशी कामे खुद्द जिल्ह्याच्या दारात आली आहेत. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजांचे हे काम जिल्ह्याने आजवर पाहिलेल्या कामांहून निराळे असेल.

मुलाला नेमणूकपत्र आले की घरात आणि सोयरिकीच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला जातो : पॅकेज किती? व्यापारी माणूस हळदीचा सौदा करताना केवळ भाव विचारून थांबत नाही. कडता किती, वटाव किती, बारदाना कोणाचा, हमाली-तोलाई कोणाकडे, पैसे किती दिवसांनी, हे सारे तो आधी ठरवतो. पोटच्या मुलाच्या आयुष्याच्या सौद्यात मात्र तोच माणूस भावापाशी थांबतो. खरे पाहता तेथे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. ओझे किती, हा पहिला. आणि त्या ओझ्यातून जे फळ निपजते त्यात ओझे वाहणाऱ्याचा वाटा किती, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देशातील एका नामांकित अभियांत्रिकी कंपनीच्या इतिहासात सापडतात.

नोकर मालक कसे झाले

लार्सन अँड टुब्रो ही कंपनी १९३८ साली मुंबईत हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिश्चन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी भागीदारी पेढी म्हणून सुरू केली. दोघेही सिमेंटची यंत्रे बनवणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या कामासाठी भारतात आले होते. आरंभी त्यांनी डेन्मार्कमधील दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून विकली. महायुद्धामुळे आयात अडली तेव्हा छोटी कर्मशाळा काढली आणि जहाजदुरुस्तीची कामे अंगावर घेतली. १९४६ मध्ये पेढीची कंपनी झाली, १९५० मध्ये ती सार्वजनिक झाली आणि पवईच्या दलदलीच्या जागेवर तिचे कारखाने उभे राहिले. पुढे संस्थापकांच्या घराण्याकडे मालकी राहिली नाही. समभाग आयुर्विमा महामंडळासारख्या वित्तसंस्थांकडे आणि असंख्य लहान भागधारकांकडे विखुरले.

ज्या कंपनीला घराणे नाही, तिच्यावर इतरांची नजर जाणे बाजाराच्या रीतीस धरूनच होते. १९८९ मध्ये रिलायन्सचे धीरूभाई अंबानी तिचे अध्यक्ष झाले. पुढील वर्षी दिल्लीतील सत्तांतरानंतर ते बाजूला झाले आणि भारतीय स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष डी. एन. घोष त्या जागी आले. रिलायन्सकडे समभाग मात्र राहिले. नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांनी सुमारे दहा टक्के हिस्सा प्रत्येकी ३०६ रुपये ६० पैसे या दराने बिर्ला समूहाच्या ग्रासिम कंपनीस विकला. ग्रासिमला रस होता तो लार्सन अँड टुब्रोच्या सिमेंट व्यवसायात.

या काळात कंपनीची धुरा अनिल मणिभाई नाईक यांच्याकडे होती. गुजरातमधील खेड्यात वाढलेले, शिक्षकाच्या घरातले हे गृहस्थ १९६५ साली कनिष्ठ अभियंता म्हणून कंपनीत आले आणि १९९९ साली मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. कारखान्याच्या फरशीवरून वर चढलेल्या या माणसाने आग्रह धरला की कंपनीतील हिस्सा कोणा एका उद्योगसमूहाकडे न जाता तेथे राबणाऱ्यांकडे यावा. दीर्घ वाटाघाटींनंतर २००३ मध्ये तडजोड ठरली. सिमेंट व्यवसाय वेगळा होऊन ग्रासिमकडे जावा, आणि त्याच्या बदल्यात ग्रासिमने लार्सन अँड टुब्रोमधील आपले समभाग कर्मचाऱ्यांच्या कल्याणासाठी स्थापलेल्या न्यासाला विकावेत. तो सिमेंट व्यवसाय आज अल्ट्राटेक या नावाने ओळखला जातो. अभियांत्रिकी कंपनीतील सुमारे चौदा टक्के हिस्सा आजही त्या कर्मचारी न्यासाकडे आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. न्यासाकडील समभाग एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर नसतात. नोकरी सोडताना तो ते पेटीत घालून घरी नेऊ शकत नाही. न्यास सर्वांच्या वतीने ते धारण करतो. पण त्यामुळे कंपनी परक्या हाती जाण्याचे भय कमी झाले आणि राबणाऱ्यांच्या बाजूने मत देणारा एक मोठा भागधारक सभेत बसू लागला. जुन्या पेढ्यांत विश्वासू मुनिमाला वयाच्या चाळिशीनंतर आण्याचा, दोन आण्यांचा भागीदार करून घेण्याची रीत होती. तिचेच हे विशाल रूप समजावे.

तास, ताण आणि हिशेब

त्याच कंपनीचे नाव जानेवारी २०२५ मध्ये वेगळ्या कारणाने घरोघरी पोहोचले. कर्मचाऱ्यांशी झालेल्या अंतर्गत संवादाची एक चित्रफीत सर्वत्र पसरली. तीत अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास कामाचा पुरस्कार केला होता आणि रविवारी काम करवून घेता येत नाही याची खंत व्यक्त केली होती. घरी बसून पत्नीकडे किती वेळ पाहत राहणार, अशा आशयाचे त्यांचे उद्गार अनेकांना खटकले. राष्ट्रउभारणीसाठी असामान्य परिश्रम लागतात, असा खुलासा कंपनीने केला. ९० तास हा कंपनीचा नियम कधीच नव्हता, हेही नमूद करणे न्यायाचे आहे. मार्च २०२५ मध्ये याच अध्यक्षांनी महिला कर्मचाऱ्यांना मासिक पाळीसाठी महिन्याला एक दिवसाची भरपगारी रजा जाहीर केली.

बांधकामाच्या जागेवर तास का लांबतात, हे गादीवरून सहज दिसत नाही. पुलाच्या खांबाचे वा धरणाच्या भिंतीचे काँक्रीट ओतणे एकदा सुरू झाले की ठरलेल्या टप्प्याआधी थांबवता येत नाही. मध्येच थांबले तर जुन्या आणि नव्या थरांत कच्चा सांधा राहतो, आणि तोच उद्या पाणी व गंज आत घेतो. त्यामुळे रात्री दोन वाजताही तरुण अभियंता दिव्याखाली उभा असतो. त्यात पावसाळ्यापूर्वीची घाई, महिनाअखेरचे मोजमाप व बिल, आणि कामास उशीर झाल्यास कंपनीला भरावा लागणारा दंड यांची भर पडते. काम ताणाचे आहे आणि अभिमानाचेही आहे. अटल सेतूवरून जाताना ज्याला आपण ओतलेला खांब ओळखता येतो, त्याचे समाधान वेतनपत्रकात लिहिलेले नसते. तथापि अपरिहार्य रात्र आणि सवयीने लांबवलेला दिवस यांत फरक आहे. पहिली कामाच्या स्वभावातून येते, दुसरा अपुऱ्या मनुष्यबळातून येतो.

आता पॅकेजची खतावणी मांडून पाहू. वार्षिक आठ लाख हा आकडा ऐकला की घरात तो बाराने भागून महिना सहासष्ट हजार धरला जातो. नमुन्यादाखल मूळ वेतन चार लाख धरले, तर कंपनीने भरायचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी ४८,००० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १९,२४० रुपये आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग ८०,००० रुपये हे तिन्ही बहुधा त्या आठ लाखांतच मोजलेले असतात. ते वजा जाता ६,५२,७६० रुपये उरतात. त्यातून मुलाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी ४८,००० कापला की ६,०४,७६० रुपये, म्हणजे महिना सुमारे ५०,४०० रुपये हाती येतात. व्यवसाय कर आणि लागू असल्यास प्राप्तिकर त्यातूनच जायचा. भविष्यनिर्वाह निधी ही बचतच असल्याने ती रक्कम बुडीत समजू नये. पण घरभाडे त्यातून देता येत नाही.

हे पन्नास हजार आठवड्याला ४८ तासांच्या कामाचे असतील, तर महिन्याला २०८ तास होतात आणि तासाला २४० रुपये पडतात. तेच ९० तासांचे असतील, तर महिन्याला ३९० तास होतात आणि तासाचे मोल १२८ रुपयांवर येते. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांतून ९० कामाचे आणि ५६ झोपेचे वजा केले की २२ उरतात. दिवसाला जेमतेम तीन तास, त्यांत प्रवास, स्नान, जेवण, आईवडिलांशी बोलणे आणि देवदर्शन हे सर्व आले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. ही वजावट कोणत्याही पॅकेजमध्ये दाखवलेली नसते.

अतिभारारोपण

या प्रश्नावर आपल्या परंपरेने फार पूर्वी विचार केला आहे. दिगंबर परंपरा ज्यांना उमास्वामी आणि श्वेतांबर परंपरा उमास्वाती म्हणते, त्या आचार्यांच्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे आणि अवयव छेदणे यांच्याच पंक्तीत झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न मिळू देणे यांना बसवले आहे. पाठशाळेत हे अतिचार शिकवताना बैलाचे उदाहरण देतात. पण आश्रित आणि सेवक यांनाही ते लागू आहेत, असे मुनीमहाराज प्रवचनांतून सांगत आले आहेत. म्हणजे ओझ्याचा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या आधी व्रताचा आहे.

कायदा फार नंतर आला. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सुचवली, आणि भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने ती घातली. सामायिकाची मर्यादा ४८ मिनिटांची आहे. आठवड्याला ४८ तास काम करणाऱ्याला रोजची ही ४८ मिनिटे काढता येतात, ९० तास करणाऱ्याला ती परवडत नाहीत. कंपनीच्या छावणीत राहणाऱ्या मुलाच्या आईचा पहिला प्रश्न असतो, सूर्यास्तापूर्वी जेवतोस ना? बहुतेक वेळा फोनवर क्षणभर शांतता पसरते. कांदा-लसणाविना जेवण सांगून मिळवता येते, दशलक्षण वा पर्युषणातील एखादी रजाही आधी अर्ज केला तर मिळते. पण सायंकाळची सहाची बैठक साडेआठपर्यंत चालली, तर व्रत मोडते ते मुलाच्या शिथिलतेने मोडले, असे म्हणणे कठीण आहे.

आपल्या गादीकडे पाहता

९० तासांच्या त्या उद्गारांवर व्यापारी घरांतही संताप व्यक्त झाला आणि तो रास्त होता. पण त्याच घराच्या दुकानात गुमास्ता सकाळी दहाला येतो आणि रात्री नऊला शटर ओढतो. दिवसाचे अकरा तास, सहा दिवसांचे ६६. हंगामात रविवारही गेला तर ७७. दुपारी गिऱ्हाईक आले की त्याचा डबा अर्ध्यावर बंद होतो. अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन्ही अतिचार येथे एका छपराखाली भेटतात, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. मुलगा जेथे नोकर आहे तेथील मालकाकडून जी अपेक्षा आपण करतो, ती आपल्या नोकराच्या बापाने आपल्याकडून केली तर काय उत्तर द्यावे, हा प्रश्न प्रत्येक गादीने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

बाजारसमितीच्या आवारात तर ओझे हा शब्द अक्षरशः खरा आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. मंडळामार्फत मजुरी आणि तीवर भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांसाठी आकार, अशी त्याची योजना आहे. ज्याचा मालक रोज बदलतो त्यालाही म्हातारपणी काही हाती यावे, हा विचार त्यामागे आहे. हा आकार भरताना कुरकुर होते. तो खर्चाच्या बाजूला लिहिला जातो, पण तो मुळात हमालाच्या श्रमाचाच थकलेला भाग आहे.

वाट्याच्या बाबतीत समाजासमोर आपल्यातलेच एक मोठे उदाहरण आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद सावकारी आणि कापसाच्या व्यापाराच्या घरातून बांधकामाच्या धंद्यात उतरले, ते लक्ष्मणराव फाटक यांना बरोबर घेऊन. फाटक रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत आलेले, कामाची नाडी जाणणारे गृहस्थ. भांडवल आणि पत वालचंदांची होती, आणि पेढीचे नाव ‘फाटक आणि वालचंद’ असे होते. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामापासून निघालेला हा माणूस पुढे १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स यांपर्यंत पोहोचला. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांचेच नाव सांगते. त्यांच्या पहिल्या पायरीवर भांडवलदाराने कामाच्या जाणकाराला पगारावर न ठेवता शेजारी बसवले, हे विसरून चालणार नाही.

काय करता येईल

मुलाचे नेमणूकपत्र हाती आल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. साप्ताहिक सुटी आणि कामाचे तास लिहिलेले आहेत काय? मूळ वेतन किती आणि बदलता भाग किती? बदली झाल्यास राहण्याची सोय कोणाची? मुदतीपूर्वी सोडल्यास भरपाईची अट आहे काय? कंपनी समभागांचा पर्याय देत असेल तर तो किती वर्षांनी हाती येतो? समभाग घेताना बाजारभाव आणि दिलेली किंमत यांतील फरक वेतन म्हणून करपात्र होतो आणि विकताना भांडवली नफ्याचा कर वेगळा लागतो, हेही आधी कळलेले बरे. नियमित नोकरीत पाच वर्षे पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. त्यामुळे चार वर्षे दहा महिन्यांनी कंपनी बदलणाऱ्याने दोन महिन्यांचा हिशेब एकदा करून पाहावा. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा दहा वर्षे असेल, तर ही रक्कम दीड लाख होते.

दुकानाच्या बाबतीत दहाहून कमी माणसे असलेल्या पेढीला ग्रॅच्युइटीचा कायदा लागत नाही. म्हणून ती देण्यास कोणाची मनाई नाही. वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम गुमास्त्याच्या नावाने आवर्ती ठेवीत टाकली, तर मालकाला ती जड जात नाही आणि वीस वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये आहे. ४५६ रुपयांत प्रत्येकी दोन लाखांचे दोन आधार मिळतात. पहिला १८ ते ५० आणि दुसरा १८ ते ७० वयोगटासाठी असून त्यासाठी बँकेचे बचत खाते लागते. चाळिशीच्या आतील आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसाला अटल पेन्शन योजनेत सामील होता येते. रात्री आठला दुकान वाढवणे आणि रविवार खरोखर सुटीचा ठेवणे, यासाठी तर रुपयाही लागत नाही.

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडली जाते, लाभ-शुभ लिहिले जाते आणि देणेकरी-घेणेकऱ्यांची खाती पुढे ओढली जातात. यंदा त्या वहीत गुमास्त्याच्या नावाचे एक खाते असावे. जमेच्या बाजूला त्याचे तास आणि वर्षे, नावे बाजूला त्याला दिलेला पगार, आणि खाली बाकी. ती बाकी बहुतेक पेढ्यांकडे निघेल. ती फेडायला सुरुवात केली, की पुण्या-मुंबईच्या कंपनीत राबणाऱ्या आपल्या मुलासाठीही न्याय मागण्याचा अधिकार घराला मिळेल.